बंपर काढण्यापूर्वी

'बंपर' हा शब्द आपण मराठीत इतका रुळवून घेतला आहे, की त्याचे मोटारीशी काही नाते आहे हेही विसरायला होते. पीक बंपर येते, दिवाळीला लॉटरीची बंपर सोडत निघते, गोलंदाज फलंदाजाच्या नाकासमोर बंपर टाकतो. खरा बंपर मात्र बिचारा मोटारीच्या पुढे आणि मागे बसून मुकाट्याने धक्के खात असतो. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे, आणि तेही तो काढून टाकण्याविषयी.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाने मोटारीच्या भानगडीत कशाला पडावे? त्याचे कारण घरातले आहे. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्या खाडीकाठच्या गावांतून माणसे बोटीवर गेली, आफ्रिकेत गेली, आखातात गेली, तशी विलायतेतही गेली. माझी थोरली बहीण लग्नानंतर बर्मिंगहॅमची झाली. तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दुल्हाभाईंनी, उतारवयात हौसेने एक जुनी मोटार घेतली होती. १९७७ सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, फिकट पिवळ्या रंगाची. ते गेल्यावर गाडी भाच्याकडे आली आणि भाच्याने ठरवले, की हिचे काळे बंपर काढायचे. बहिणीला ते मान्य नव्हते. मी पाहुणा म्हणून गेलो तो नेमका या वादाच्या मध्यभागी. तिथे पाहिले, विचारले आणि नंतर वाचून पडताळले, त्याचे हे सार.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. एमजी ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावातली. २०१९ पासून आपल्याकडेही याच अक्षरांच्या मोटारी विकल्या जातात, पण मालकी आणि कारखाना दोन्ही आता निराळे आहेत. जुन्या एमजी गाड्या ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार होत. एमजीबी तिथे १९६२ साली बाजारात आली आणि १९८० च्या ऑक्टोबरात बंद झाली. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यातूनच घडले.

पहिल्या बारा वर्षांतली एमजीबी आठवून पाहा, किंवा जुन्या इंग्रजी मासिकातले तिचे चित्र शोधा. पुढे उभ्या पट्ट्यांची चकचकीत जाळी, तिच्याखाली क्रोमचा मुलामा दिलेली पोलादाची बारीक पट्टी, तिच्यावर दोन उभे ठोकळे. ही पट्टी म्हणजेच बंपर. तिला बंपर म्हणायचे ते उपचारापुरतेच. एखाद्या भिंतीला गाडी हळूच टेकली तरी पट्टी वाकायची आणि दिवाही फुटायचा. दागिन्यासारखी ती गाडीला शोभायची, एवढे खरे.

अमेरिकेत १९६० च्या दशकात मोटारींच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. राल्फ नेडर यांचे मोटार कंपन्यांवर कोरडे ओढणारे पुस्तक १९६५ साली आले, १९६६ साली तिथल्या काँग्रेसने वाहनसुरक्षेचा कायदा केला आणि एकामागून एक नियम येऊ लागले. त्यांतला एक बंपरचा. १ सप्टेंबर १९७२ पासून बनणारी मोटार ताशी पाच मैल वेगाने, म्हणजे ताशी आठ किलोमीटरने, समोरून भिंतीवर आदळली तरी तिचे दिवे, बोनेटची कडी, इंधन आणि पाण्याची व्यवस्था शाबूत राहिली पाहिजे. मागच्या बाजूने अडीच मैलांची सूट होती. पुढच्या वर्षी मागेही पाच मैल झाले. शिवाय जमिनीपासून सोळा ते वीस इंच उंचीच्या पट्ट्यात लंबकाचा टोला मारून चाचणी होऊ लागली. दोन मोटारी एकमेकींना भिडल्या तर बंपरला बंपर लागावा, एकीचा बंपर दुसरीच्या दिव्यात घुसू नये, हा त्यामागचा हेतू.

ताशी पाच मैल म्हणजे काय मोठे, असे वाटेल. माणूस भरभर चालला तरी जवळजवळ तेवढा वेग होतो. पण हिशेब करून पाहा. त्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे मोटार सुमारे पंचवीस सेंटीमीटर उंचीवरून, म्हणजे वीतभराहून थोड्या जास्त उंचीवरून, नाकावर सोडून देणे. टनभर वजनाची वस्तू वीतभर उंचीवरून पडली आणि दिव्याची काचही फुटता कामा नये, असा तो नियम होता. वेग अर्धा केला की ही उंची पाव होते, जेमतेम सहा सेंटीमीटर. अडीच आणि पाच या आकड्यांत वरवर दुपटीचा फरक दिसतो, पण बंपरवर येणारे ओझे चौपट असते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. हा नियम माणसांच्या जिवासाठी केलेला नव्हता. जीव वाचवायला सीटबेल्ट होते, दुमडणारा स्टिअरिंगचा दांडा होता. बंपरचा नियम मुख्यत्वे मोटारीचे नुकसान टाळण्यासाठी होता. वाहनतळावरच्या किरकोळ धक्क्यांनी लोकांचा दुरुस्तीवर आणि विम्यावर फार खर्च होई, तो आटोक्यात यावा म्हणून. १९७२ साली याच विषयावर अमेरिकेत जो कायदा झाला, त्याच्या नावातच खर्चाची बचत होती.

नियम एकच असला तरी प्रत्येक कारखान्याने आपापल्या बुद्धीने तोड काढली. अमेरिकेच्या कॉर्व्हेटने १९७३ साली पुढचे आणि १९७४ साली मागचे क्रोम काढून टाकले, आणि गाडीच्याच रंगाचे लवचीक युरेथेनचे नाक व शेपूट लावले. जर्मनीच्या पोर्शने १९७४ च्या ९११ गाडीला अ‍ॅल्युमिनियमचे बंपर लावून ते आतबाहेर सरकतील अशी सोय केली, आणि मधली फट झाकायला बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या रबरी घड्या बसवल्या. आज ते भाते त्या गाडीची ओळख बनून गेले आहेत.

अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याकडे पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. नवी गाडी आखणे शक्य नव्हते. त्यांनी आधी अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांवर रबराचे दोन भलेमोठे गोळे लावून पाहिले. लोकांनी चेष्टेने त्या गोळ्यांना सब्रिना या तत्कालीन इंग्रज नटीचे नाव दिले. मग १९७४ च्या उत्तरार्धात कायमचा उपाय आला. आत पोलादाचा सांगाडा आणि वरून काळ्या पॉलियुरेथेनचा जाड साचा. लोक त्याला 'रबर बंपर' म्हणतात, पण ते रबर नाही. या बंपरने गाडीची लांबी सुमारे पाच इंचांनी वाढली, वजन वाढले, पुढची चकचकीत जाळी नाहीशी झाली. बंपर ठरलेल्या उंचीवर यावा म्हणून सगळी गाडीच दीड इंच वर उचलली. बैठी गाडी वळणावर चिकटून चालते. वर उचलली की झुकते. एमजीबीचे तसेच झाले. १९७६ च्या सुमारास पुढे-मागे आडव्या दांड्या देऊन हे झुकणे बरेचसे सावरले गेले, पण तोवर नाव खराब झाले होते.

यातली गंमत अशी, की नियम अमेरिकेचा, पण बंपर इंग्लंडच्या गिऱ्हाइकालाही घ्यावा लागला. दोन देशांसाठी दोन तऱ्हेची अंगे बनवणे कारखान्याला परवडणारे नव्हते. बर्मिंगहॅमच्या दारात उभी असलेली दुल्हाभाईंची गाडी एका दूरच्या देशाचा कायदा अंगावर वागवत होती. पुढे १९८२ साली अमेरिकन सरकारने पाच मैलांची अट पुन्हा अडीच मैलांवर आणली. पण एमजीबी बंद होऊन तेव्हा दीड वर्ष उलटले होते.

या काळ्या बंपरला अनेक वर्षे जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी नाक मुरडले. क्रोमवाली ती खरी एमजीबी आणि रबरवाली ती नाइलाजाची, अशी वाटणी झाली. बाजारात रबरवाल्या गाडीला भावही कमी मिळे. त्यामुळे ती स्वस्तात घ्यायची आणि बंपर काढून क्रोमची करून टाकायची, अशी एक रीतच पडली.

माझा भाचाही तेच म्हणत होता. "मामू, ही जी वर दिसतेय ती खरी गाडी नाहीच. खरी आत आहे. वरचं काढलं की दिसेल तुम्हाला." बहिणीचे म्हणणे दोन वाक्यांचे. "तुझ्या अब्बांनी घेतली तेव्हा ती अशीच होती. त्यांची गाडी नीट कर, बदलू नकोस."

शनिवारी सकाळी काम सुरू झाले. बंपर काढण्याचा हा पहिला भाग खरोखर सोपा आहे. एमजीबीची बॅटरी आसनांच्या मागे झाकणाखाली असते, तिची तार आधी सोडायची. कारण पुढचे इंडिकेटर या बंपरमध्येच बसवलेले आहेत आणि त्यांच्या तारा सोडवायच्या असतात. पुढच्या बंपरचे वजन चॅसिसच्या दोन टोकांवर नट-बोल्टांनी पेललेले असते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गंज, म्हणून आदल्या रात्रीच नटांवर पातळ तेल सोडून ठेवलेले बरे. नट हलेना म्हणून पान्यावर आडदांडपणा केला तर बोल्ट तुटून निम्मा आत राहतो आणि दहा मिनिटांचे काम दिवसाचे होते. शेवटचा नट सोडताना दुसरे माणूस हवेच, कारण हा बंपर अंगाने जड असतो आणि सुटला की थेट पायावर येतो. ते दुसरे माणूस मी होतो. शिपायाने पालखी धरावी तसा मी तो धरला आणि आम्ही तो अंगणात जुन्या गादीवर ठेवला.

मग दोघेही गाडीसमोर उभे राहिलो. आत जुनी गाडी नव्हती.

भाच्याला हे ऐकून माहीत होते, पण ऐकणे निराळे आणि पाहणे निराळे. क्रोमच्या गाडीला मडगार्डांवर पुढच्या छोट्या दिव्यांसाठी खळगे असतात. इथे पत्रा सपाट होता, कारण दिवे बंपरबरोबर निघून गेले होते. जाळी बसवायला आधार नव्हते. नाकाखालचा पत्रा क्रोमच्या गाडीसारखा नव्हता. बंपर पेलण्यासाठी पुढे आलेली चॅसिसची दोन टोके उघडी पडून दातांसारखी दिसत होती. मागेही तीच कथा. बंपर वळून जिथे बाजूंना येतो, तिथला मडगार्डांचा दिव्यांखालचा भागच वेगळ्या आकाराचा. म्हणजे कारखान्याने जुन्या गाडीवर बंपर नुसता चढवला नव्हता, बंपरसाठी अंगच बदलले होते.

म्हणून या कामाचे दोन भाग पडतात, आणि ते दोन भाग वेगळे ओळखणे हीच यातली खरी समज आहे. पहिला भाग पान्याचा. जे पान्याने सुटते ते पान्याने परत बसते. दुसरा भाग कटरचा आणि वेल्डिंगचा. क्रोमचा चेहरा हवा असेल तर पुढचे मडगार्ड बदलावे लागतात किंवा त्यांत दिव्यांच्या खळग्यांचे तुकडे जोडावे लागतात. नाकाखालचा पत्रा बदलायचा, चॅसिसची टोके कापायची, मागच्या मडगार्डांचे कोपरे कापून नवे तुकडे वेल्डिंगने लावायचे, मग सगळी गाडी रंगवायची. सुटे भाग मिळत नाहीत असे नाही. इंग्लंडात ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था १९८८ पासून जुन्या साच्यांवरून एमजीबीचे अख्खे सांगाडे बनवते आहे. पण कापलेला पत्रा परत उगवत नाही.

तिसराही एक मार्ग हौशी लोक घेतात. बंपर काढायचे आणि त्यांच्या जागी काहीच लावायचे नाही, नुसती फायबरची झाकणे बसवायची. अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या शर्यतीवरून या थाटाला 'सेब्रिंग' म्हणतात. गाडी शर्यतीला निघाल्यासारखी दिसते खरी, पण किरकोळ धक्का आता थेट पत्र्यावर, दिव्यांवर आणि मागे रेडिएटरवर जातो. नुसता बंपर काढून चॅसिसची उघडी टोके तशीच ठेवणे हे तर रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावर हत्यार रोखण्यासारखे आहे. बंपर गाडीला वाचवण्यासाठी जन्मला हे खरे, पण त्याची मऊ, गोल कड पायी चालणाऱ्यालाही थोडा दिलासा देत असते.

भाच्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपली १९७६ ची गाडी पूर्ण क्रोमची केली आहे. आम्ही ती पाहायला गेलो. त्यांचा एक अख्खा हिवाळा त्यात गेला होता. गाडी देखणी झाली आहे, यात वाद नाही. मला त्यांचे एक बोलणे फार आवडले. विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला मी पहिल्या वाक्यात सांगेन, की ही मुळात रबर बंपरची आहे, असे ते म्हणाले. ज्याला लपवायचे नाही त्याने बदल जरूर करावा.

तिथेच मला एक गोष्ट समजली, ती माझ्या धंद्याच्या जवळची होती. १९६२ च्या एमजीबीचा आकार ज्यांनी कागदावर रेखाटला, त्या डॉन हेटर यांच्याकडेच १९७० च्या दशकात त्या कारखान्याच्या मुख्य अभियंत्याची जबाबदारी होती. ज्या हाताने ती नाजूक रेघ काढली, त्याच माणसाच्या देखरेखीखाली जाड काळे नाक तिच्यावर बसले. कुणा परक्याने येऊन केलेली ती विटंबना नव्हती. गाडी विकली जात राहावी, कारखान्याची भट्टी पेटती राहावी, यासाठी घरच्याच माणसांनी केलेली ती तडजोड होती. कवीचा समग्र संग्रह काढताना प्रश्न येतो, की मासिकात आधी छापलेला पाठ घ्यायचा, की त्यानेच पुढे फिरवलेला? पहिला पाठ जास्त सुंदर असेलही. पण दुसराही त्याचाच असतो, आणि तो का फिरवावा लागला याची एक गोष्ट त्याच्यात असते. दुसरा पाठ खरवडून पहिला मिळवता येत नाही. फार तर पहिल्याची नक्कल मिळते.

भाचा दोन दिवस गप्प होता. मग त्याने पान्याने होण्यासारखे सगळे केले. बंपरमागचा गंज घासून, गंजरोधक लावून साफ केला. पुढे आखूड स्प्रिंगा घातल्या, मागे पाट्यांच्या कमानी आणि आस यांच्यामध्ये ठोकळे बसवले आणि गाडी दीड इंच खाली आणली. हेडलाइटांचा झोत नव्याने लावून घेतला, कारण उंची बदलली की झोतही बदलतो. उन्हाने राखाडी पडलेले बंपर पुन्हा काळेभोर केले आणि त्याच बोल्टांच्या जागी नवे बोल्ट घालून परत चढवले. वळणावर ती आता झुकत नाही. बहिणीला दीड इंचाचा फरक कळलाच नाही, की कळून ती बोलली नाही, हे मी विचारले नाही. उद्या भाच्याचे मन बदलले तर ठोकळे काढून गाडी होती तशी करता येईल, किंवा कटर घेऊन पुढेही जाता येईल. दोन्ही दारे उघडी आहेत.

आता हा विषय आपल्या अंगणात आणतो. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहे. नोंदणीच्या कागदात जी गाडी लिहिली आहे, तिच्या मूळ घडणीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, असे त्याचे सार. २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने याच कलमाच्या आधारे बंपरपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्यांवर कारवाई करा, असे राज्यांना कळवले. बंपर काढणे आणि बंपरवर आणखी लोखंड चढवणे, दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, की माझ्या हौसेचा धक्का कोणाला बसणार? आजच्या गाड्यांत तर बंपरच्या आत धक्का शोषणारा थर असतो, अनेक गाड्यांत संवेदक असतात. तिथे हौसेने हात घालूच नये.

जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैत वेगळा नियम आला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चॅसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. इंग्लंडातही चाळीस वर्षांवरच्या गाडीला दरसालच्या तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणजे दोन्हीकडचे कायदे मालकाला एकच प्रश्न विचारतात, की तुझी गाडी अजून तीच आहे का?

तेव्हा कुणाच्या आजोबांची फियाट किंवा वडिलांची अ‍ॅम्बेसेडर दारात उभी असेल आणि तिला नवे रूप द्यायचे मनात असेल, तर मिस्त्रीला पहिला प्रश्न खर्चाचा विचारू नका. यातले काय परत बसवता येईल आणि काय नाही, ते आधी विचारा. जे परत बसते ते खुशाल काढा, पुसा, पाहा. काढलेले प्रत्येक नट-बोल्ट डब्यात घालून डब्यावर चिठ्ठी लावा, सुटण्यापूर्वीचे फोटो घ्या. जे परत बसणार नाही, त्यापाशी मात्र एक रात्र थांबा. घरात त्या गाडीवर जीव असलेले आणखी कोणी असेल, तर दोन रात्री थांबा.